सावलीतले मोठे निळे होस्टा: नव्याने लावणाऱ्यांसाठी

न्यू जर्सीत, पेनसिल्व्हेनियात किंवा शिकागोच्या जुन्या उपनगरांत घर घेतलं की बॅकयार्डात एखादा भलामोठा ओक किंवा मेपल बहुधा ठरलेला. त्याच्याखाली गवत धड टिकत नाही, भेंडी-टोमॅटोचा तर प्रश्नच नाही. मग दर वसंतात कुणीतरी तिथे पुन्हा गवताचं बी टाकतं आणि जुलैपर्यंत पुन्हा माती उघडी पडते. त्या जागेसाठी माझी शिफारस कायम एकच असते: मोठ्या निळ्या पानांचे होस्टा लावा. होस्टा म्हणजे पानांसाठी लावतात ते बुटकं झाड, हिवाळ्यात जमिनीवरून दिसेनासं होतं आणि वसंतात गड्ड्यातून पुन्हा फुटतं. पूर्ण वाढलेलं एक झाड चार-पाच फूट जागा व्यापतं, पानं फूटभर लांब होतात आणि नीट लावलेलं झाड कित्येक वर्षं त्याच जागी राहतं.

'हे पुण्यात आईच्या बागेत येईल का?' हा प्रश्न हमखास येतो. नाही येणार. होस्टाला हिवाळ्यात खरीखुरी झोप लागते. तापमान कित्येक आठवडे चाळीस अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण साडेचार सेल्सिअसच्या खाली राहिलं तरच पुढच्या वसंतात तो जोमाने फुटतो. पुणे-मुंबई, कोकण, गोवा यांपैकी कुठेच एवढी थंडी पडत नाही. अमेरिकेतसुद्धा फ्लोरिडाच्या दक्षिणेकडे हाच अडथळा येतो. हिवाळ्याच्या थंडीवरून आखलेल्या अमेरिकेच्या हवामान-पट्ट्यांत तिसऱ्यापासून आठव्यापर्यंत मात्र तो बिनधास्त लावावा. मिनेसोटातला कडाका त्याला मानवतो, इंग्लंडची ओलसर हवा तर फारच.

आधी निळा रंग समजून घ्या

निळ्या होस्टाचं पान मुळात हिरवंच असतं. त्यावर मेणाचा बारीक थर असतो, त्या थरावरून उजेड विखुरतो आणि पान निळसर-राखी दिसतं. मे महिन्यात नवीन पान उलगडलं की त्यावर अंगठा हलकेच फिरवून बघा: अंगठ्याखाली हिरवा पट्टा उमटतो आणि तो त्या हंगामात बुजत नाही. नर्सरीत गिऱ्हाइकांनी हाताळलेल्या झाडांवर असे पट्टे नेहमी दिसतात. ते रोग नव्हेत, पुढच्या वर्षीची पानं स्वच्छ येतील.

आपण अळवावरचं पाणी म्हणतो ना, तसंच या पानावरही पाणी ठरत नाही, थेंब घरंगळून जातो. पण हे मेण अळवापेक्षा नाजूक. कडक ऊन लागलं की ते वितळतं, जोराच्या पावसाने आणि स्प्रिंकलरच्या माऱ्याने धुऊन जातं. कडुलिंबाचं तेल किंवा कीटकनाशक साबण फवारला की एका दिवसात निघतं. सावली कुठली हवी, पाणी कसं द्यायचं, काय फवारायचं नाही, हे सगळं या एका गोष्टीवरून ठरतं. ऑगस्टअखेर निळा होस्टा थोडाफार हिरवा होणारच. तुमचं काम फक्त त्याची निळाई जूनऐवजी ऑगस्टपर्यंत नेण्याचं.

जागा ठरवणे

सकाळचं दोन-तीन तासांचं ऊन चालतं, उलट झाड भरायला त्याची मदतच होते. दुपारी बारानंतरचं ऊन नको. घराची पूर्व बाजू उत्तम, उत्तर बाजू चांगली, पश्चिम बाजू टाळा. उंच ओकखाली पानांतून गाळून येणारा उजेड सगळ्यांत छान. मात्र दिवसभर काळोख असलेल्या, डेकखालच्या कोपऱ्यात होस्टा जगतो खरा, पण वर्षानुवर्षं तेवढाच राहतो.

जागा ठरवण्याआधी जूनमधल्या एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊ, बारा आणि तीन वाजता तिथला फोटो काढा. एप्रिलमध्ये झाडांना पालवी नसते, तेव्हाच्या उजेडावरून अंदाज हमखास चुकतो.

आता झाडांच्या मुळांकडे वळू. ओकची मुळं तुलनेने खोल जातात, दोन मुळांमध्ये खड्डा करता येतो. मेपलचं तसं नाही. नॉर्वे मेपल आणि सिल्व्हर मेपल यांची तंतुमुळं वरच्या आठ-दहा इंचांत जाळं विणतात आणि तुम्ही होस्टासाठी घातलेलं कंपोस्ट नि पाणी आधी तीच पळवतात. दोन वर्षांनी होस्टा उपटून बघितला तर मातीच्या गोळ्यात निम्मी मुळं मेपलची निघतात. मेपलखाली मी जमिनीत मोठा होस्टा लावायला सांगत नाही. त्यापेक्षा मोठी कुंडी ठेवा, तीही विटांवर उचलून, म्हणजे तळाच्या भोकांतून मुळं वर शिरणार नाहीत. आणि मेपलच्या मुळांवर फूटभर माती ओतून वाफा करायचा मोह आवरा, मुळं गुदमरून मोठं झाडच धोक्यात येतं. काळ्या अक्रोडाखाली पुष्कळ झाडं जगत नाहीत, कारण त्याच्या मुळांतून विषारी द्रव्य सुटतं. होस्टा ते सहन करतो.

कुठला घ्यावा

होस्टाच्या नोंदलेल्या जाती हजारोंनी आहेत, कॅटलॉग उघडला की डोकं गरगरतं. पहिल्या खरेदीसाठी पुढची पाच-सहा नावं पुरेत.

'एलेगन्स' हा या सगळ्यांचा आजोबा. नागासाकीजवळच्या देजिमा बेटावर डच वखारीत डॉक्टर असलेल्या फिलिप फ्रान्झ फॉन सीबोल्ड या जर्मन माणसाने 1830 च्या सुमारास जपानमधून होस्टा युरोपात नेले. त्याच्याच नावाच्या सीबोल्डियाना या प्रजातीतून गेऑर्ग आरेंड्स या जर्मन बागवानाने 1905 मध्ये 'एलेगन्स' बाजारात आणला. जाड, सुरकुतलेली, गोलसर पानं. उंची अडीच फूट, घेर पाच फुटांच्या आसपास. फुलं पांढुरकी आणि पानांच्या जेमतेम वर. आजही मोठ्या निळ्या होस्टात पहिला कुठला घ्यावा, तर माझं मत यालाच.

'ब्लू एंजल' त्याहून उंच, तीन फुटांपर्यंत जातो. पानं टोकदार आणि थरावर थर लागलेली. हा 'एलेगन्स'पेक्षा लवकर भरतो, म्हणून घाई असलेल्यांनी हा घ्यावा. 'बिग डॅडी'ची पानं वाटीसारखी आत वळलेली. 'अबिक्वा ड्रिंकिंग गूर्ड'ची तर इतकी खोल की पावसाचं पाणी त्यात साचतं. वरच्या झाडाच्या पाकळ्या, केरकचरा आणि बिया पण त्यात साचतात, तेव्हा तो ज्या झाडाखाली सारखं काही गळतं तिथे लावू नका. 'क्रोसा रीगल' सरळ उभा वाढतो, देठ लांब आणि पानं वर. त्याची फुलांची दांडी पाच फुटांपर्यंत जाते आणि खाली दुसरं काही लावायला जागा उरते.

जागा कमी असेल किंवा कुंडीत लावायचा असेल तर 'हॅल्सियन'. आकार मध्यम, पण निळाईत तो मोठ्यांना हार जात नाही. इंग्लंडमध्ये एरिक स्मिथने 'एलेगन्स' आणि उशिरा फुलणारा 'टार्डिफ्लोरा' यांच्या संकरातून जी छोटी निळी मंडळी काढली, त्यातला हा.

'फ्रान्सिस विल्यम्स'चा फोटो बघून बरेच जण भुलतात: निळं पान, पिवळी रुंद कड. 1936 मध्ये कनेटिकटातल्या ब्रिस्टलच्या नर्सरीत 'एलेगन्स'च्या ओळीत हे वेगळं रोप फ्रान्सिस विल्यम्स या बाईंच्या नजरेला पडलं. दिसायला देखणा, पण वसंतात त्याची पिवळी कड करपते आणि मग वर्षभर तपकिरी राहते. पहिलं झाड म्हणून नको.

खरेदी करताना पिशवीतली उघडी मुळं घेण्यापेक्षा एक-दोन गॅलनच्या कुंडीतलं झाड घ्या. पिशवीवर छापलेल्या नावाचं झाड आत असेलच असं नाही, आणि विषाणू आहे की नाही हे पानांशिवाय कळत नाही. कुंडीत किमान तीन डोळे हवेत. बटाट्याला, उसाला असतात तसे डोळे, म्हणजे गड्ड्यावरचे कोंब.

लावणी

उत्तम वेळ एप्रिलअखेर ते मे, किंवा मग सप्टेंबर. शरदात लावायचं तर जमीन गोठायच्या आधी किमान सहा आठवडे मिळतील असं बघा. जुलैमध्ये सेल लागतात, झाडं निम्म्या किमतीत मिळतात; घ्या, पण सावलीत कुंडीतच सांभाळा आणि सप्टेंबरमध्ये लावा.

होस्टाची मुळं खाली कमी आणि बाजूला जास्त पसरतात. त्यामुळे खड्डा विहिरीसारखा नको, परातीसारखा हवा: खोली फूटभर, रुंदी अडीच-तीन फूट. निघालेल्या मातीत साधारण तिसरा हिस्सा कुजलेलं कंपोस्ट किंवा पानांचं खत मिसळा. न्यू जर्सीच्या मध्यभागात बऱ्याच ठिकाणी चिकणमाती असते. तिच्यात वाळू मिसळू नका, ती विटेसारखी घट्ट होते. कंपोस्टच घाला आणि झाड भोवतालच्या जमिनीपेक्षा दोन बोटं उंच बसवा, म्हणजे गड्ड्याशी पाणी तुंबणार नाही. माती किंचित आम्लधर्मी असली तर उत्तम, पण त्याचा फार बाऊ करायची गरज नाही.

कुंडीतून झाड काढल्यावर मुळं गोल फिरलेली असतील तर ती सोडवा. बादलीभर पाण्यात गोळा बुडवून जुनी पीट-माती अर्धीअधिक धुऊन टाका. हे काम बरेच जण टाळतात आणि मग दोन वर्षांनीही मुळं कुंडीच्याच आकारात अडकलेली सापडतात. खड्ड्याच्या मध्यात मातीचा छोटा ढीग करा, गड्डा त्यावर ठेवा, मुळं चारी बाजूंनी खाली पसरवा आणि माती लोटा. डोळे मातीच्या पातळीला किंवा अर्धा इंच खाली. खोल पुरलात तर गड्डा सडतो.

दोन झाडांत अंतर चार-पाच फूट ठेवा. पहिली तीन वर्षं ही जागा ओकीबोकी दिसते आणि शेजारीपाजारी 'एवढं लांब का लावलंय?' विचारतात. मधल्या जागेत नेचे, अस्टिल्बे, ह्यूकेरा अशी सावलीतली छोटी झाडं लावून वेळ काढा. पांढऱ्या-पिवळ्या कडांचे होस्टा निळ्याच्या शेजारी फार गर्दीने लावू नका, निळा मागे पडतो. जपानी पेंटेड फर्नची चंदेरी पानं मात्र त्याच्याजवळ खुलतात.

शेवटी दोन-तीन इंच मल्च, म्हणजे माती झाकणारं पाचोळ्याचं किंवा लाकडाच्या सालींचं आच्छादन घाला, पण गड्ड्याभोवती तीन-चार इंचाचं वर्तुळ मोकळं सोडा.

पाणी आणि खत

आठवड्याला एक इंच पाणी, पाऊस धरून. इंचभर म्हणजे किती, हे कळायला एक सरळ कडांचा रिकामा डबा वाफ्यात ठेवा. पाणी मुळांशी, पहाटे किंवा सकाळी द्या. ठिबकची नळी किंवा झिरपणारा पाइप मल्चखालून फिरवला की पानांवर थेंबही पडत नाही. घरातला आपोआप चालणारा लॉन स्प्रिंकलर होस्टाच्या वाफ्याकडे वळलेला असेल तर त्याचं तोंड आधी फिरवून घ्या. झाडाखाली कोरडी सावली असते हे लक्षात ठेवा. बाहेर धो धो पाऊस पडला तरी भरगच्च ओकखाली माती कोरडी निघू शकते, म्हणून बोट खुपसून बघा.

खत वसंतात कोंब दिसताच एकदा: 10-10-10 सारखं समतोल दाणेदार खत मूठभर, गड्ड्यापासून दूर, घेराच्या कडेने. पानांच्या बेचक्यात दाणे राहिले तर तिथे भाजतं. जुलैच्या मध्यानंतर दाणेदार खत घालू नका. कंपोस्टचा इंचभर थर दर शरदात दिला तर तेवढ्यावरही भागतं.

धीर धरायची वर्षं

'एलेगन्स' पाच ते सात वर्षांनी खऱ्या रूपात येतो. पहिल्या-दुसऱ्या वर्षी त्याची पानं लहान, सपाट आणि चक्क सामान्य असतात. सुरकुत्या आणि गोलाई चौथ्या वर्षाच्या आसपास दिसू लागते. लेबलवरचा फोटो आणि वाफ्यातलं झाड यांत काही साम्य नाही म्हणून ते परत करायला जाऊ नका. या काळात करायची सगळ्यांत मोठी मदत म्हणजे त्याला न हलवणं आणि न फोडणं. मैत्रिणीने 'मला एक तुकडा दे' म्हटलं तर सहाव्या वर्षापर्यंत थांबायला सांगा. दर दोन वर्षांनी फोडलेला मोठा होस्टा कधीच मोठा होत नाही.

एप्रिलमध्ये जांभळट कोंब जमिनीतून वर येतात. पानं उलगडायला लागली आणि रात्री दव गोठायची बातमी आली, तर जुनी चादर किंवा उपडी बादली घाला आणि सकाळी काढा. मध्य न्यू जर्सीत ही भीती मेच्या मध्यापर्यंत असते. प्लास्टिक थेट पानांवर टाकू नका, जिथे टेकतं तिथेच पान करपतं. आणि कोंबांवर पाय पडू देऊ नका. दुखावलेल्या कोंबातली पानं वर्षभर फाटकी राहतात.

खाणारे

पहिला शत्रू हरीण. रात्री वाफा भरलेला, सकाळी नुसते देठ उभे, असं दृश्य दिसलं तर दुसऱ्या कुणावर संशय घ्यायचं कारण नाही. त्यांना दोष तरी काय द्यायचा? जपानमध्ये यामागाताकडे होस्टाचे कोवळे कोंब 'उरुई' नावाने भाजी म्हणून माणसंही खातात. (कुत्र्या-मांजरांना मात्र त्यातली सॅपोनिन नावाची द्रव्यं बाधतात, उलट्या-जुलाब होतात. घरात पानं चघळणारं पिल्लू असेल तर वाफ्याला कुंपण घाला.)

खात्रीचा उपाय आठ फुटी कुंपण. त्याआधी टाउनशिपचे नि तुमच्या सोसायटीचे नियम बघा, बऱ्याच ठिकाणी एवढ्या उंचीला परवानगी नसते. नाहीतर मग कुजक्या अंड्याच्या वासाचे फवारे. ते काम करतात, पण कोंब वर आल्यापासून सुरुवात करावी लागते, मोठ्या पावसानंतर पुन्हा मारावे लागतात आणि एकच एक वापरलं तर हरणांना सवय होते. निळ्या पानांवर त्यांचे डाग राहतात. म्हणून वाफ्याच्या कडेची बिनमहत्त्वाची झाडं आणि होस्टाच्या पानांची खालची बाजू फवारा. तेलकट फवारा आधी एका पानावर मारून दोन दिवस थांबा. हरणांचा उपद्रव रोजचाच असेल तर होस्टा घराला लागून, दाराच्या येण्याजाण्याच्या वाटेवर लावा. त्याने थोडा फरक पडतो, पूर्ण बंदोबस्त होत नाही.

व्होल हा आखूड शेपटीचा उंदीर हिवाळ्यात मल्चखालून येतो आणि मुळं खातो. वसंतात झाड हाताने ओढलं आणि ते मुळांशिवाय सुटून आलं, तर कारण हाच. उरलेला गड्डा फेकू नका, कुंडीत लावा, बरेचदा जगतो. व्होल असलेल्या भागात लावणीच्या वेळीच खड्ड्याला पाव इंची भोकांच्या गॅल्व्हनाइज्ड जाळीचं अस्तर द्या आणि हिवाळ्यात मल्च गड्ड्यापासून लांब सारा.

स्लग, म्हणजे शंख नसलेल्या गोगलगायी, पानांना भोकं पाडतात. इथे निळे होस्टा नशीबवान: त्यांची पानं जाड असतात, पातळ पानांच्या जातींच्या मानाने त्यांना त्रास फारच कमी. कोंब येताना आयर्न फॉस्फेटचे दाणे विरळ टाकले की पुरतं. मेटाल्डिहाइडचे दाणे घेऊ नका, कुत्र्यांना ते घातक असतात आणि ब्रिटनमध्ये 2022 पासून त्यांवर बंदी आहे. अंड्याची टरफलं नि तांब्याची पट्टी यांचं फार ऐकायला मिळतं. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने 2018 मध्ये हे उपाय तपासले, तेव्हा त्यांचा काही उपयोग दिसला नाही. टरफलं कंपोस्टमध्ये जाऊ द्यात.

रोग

'होस्टा व्हायरस एक्स' तेवढा ओळखता यायला हवा. पानाच्या शिरांलगत शाई फुटल्यासारखे गडद किंवा फिके ओघळ, त्याच जागी पान आवळलेलं, ही त्याची खूण. 1996 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात तो पहिल्यांदा ओळखला गेला. त्यावर औषध नाही. तो झाडाच्या रसातून पसरतो, म्हणजे तुमच्याच कात्रीने आणि कुदळीने. असं झाड मुळांसकट उपटून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नाही. एका झाडाची पानं कापून दुसऱ्याकडे वळताना कात्री साबणाने धुऊन पुसा.

उकाड्यात देठ बुडाशी मऊ पडून पानं आडवी व्हायला लागली आणि तिथे पांढरी बुरशी नि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले, तर ती गड्डा सडवणारी बुरशी. ते दाणे मातीत वर्षानुवर्षं टिकतात. झाड आणि त्याखालची वीतभर माती काढून टाका, मल्च दूर सारा आणि त्या जागी पुन्हा होस्टा लावू नका. ऑगस्टमध्ये शिरांच्या मधोमध सरळ तपकिरी पट्टे उमटले तर पानांतले सूक्ष्मकृमी. ते ओल्या पानांवरून पसरतात, तेव्हा वरून पाणी न देण्याचं हे आणखी एक कारण.

शरदातली आवराआवर

दव गोठल्यावर पानं पिवळी पडून लोळतात. हाताने ओढून सहज निघाली की गोळा करा आणि टाउनशिपच्या पाचोळ्याच्या पिशवीत भरा. स्लगची अंडी आणि सूक्ष्मकृमी त्यातच हिवाळा काढतात. फुलांच्या दांड्या बुडापासून कापा. झाडाच्या जागी नाव लिहिलेली खूण ठोका, गड्ड्यात नाही, कडेला. नोव्हेंबर ते एप्रिल जमिनीवर काहीच दिसत नाही, आणि मार्चमध्ये ट्यूलिपच्या नादात कुदळ घेऊन निघालेल्या घरच्यांना तिथे काय झोपलंय याचा पत्ता नसतो.